तपकिरी कोटाची कड

सोमवार, ११ एप्रिल १९९४

"उसवलंस तर येऊन सांग, अर्लीन. लपवून घातलेला टाका मला दिसतोच."

ऑर्डवेबाई म्हणाली होती. पंचवीस वर्षं झाली. मी एकोणीसची, तिच्या शिवणाच्या दुकानात नवी, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याच्या अस्तराला माझी कात्री लागली होती. आज कोर्टात उजवा हात वर करून शपथ घेताना तेच वाक्य आठवलं. देवाचं नाव घ्यायचं आणि डोळ्यांपुढे ऑर्डवेबाई!

तर, मी ज्युरीत आहे. क्रमांक नऊ. चाळीस जणांना बोलावलं होतं, त्यातून बारा आणि एक राखीव. वकिलांनी मला विचारलं – काय काम करता? म्हटलं, कपडे बसते करून देते. घरात कोणी पोलीस? नाही. घरात कधी चोरी? नाही. झालं. मला वाटलं होतं, शिवणवालीला घरी पाठवतील.

खटला असा. नऊ जानेवारीला शेतीसामानाच्या दुकानाचं मागचं दार फोडून कोणीतरी दोन यांत्रिक करवती आणि जनरेटर नेला. मागच्या तारेच्या कुंपणावर तपकिरी कॅनव्हासचा एक तुकडा अडकलेला सापडला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी रॉइस हॅडलॉकच्या घरून तपकिरी कोट उचलला. खालच्या कडेचा तुकडा गेलेला. वय सव्वीस. आईबरोबर राहतो. माल सापडला नाही.

न्यायाधीश स्ट्रँड शांत बोलतात. "हा माणूस आत्ता या क्षणाला निर्दोष आहे. तो दोषी आहे हे सरकारने सिद्ध करायचं. त्याने काहीही सिद्ध करायचं नाही. तोंडही उघडायचं नाही, तरी चालेल." मग आमच्यासाठी नियम – खटल्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, नवऱ्याशीसुद्धा. ती जागा बघायला जायचं नाही. घरी आपापले प्रयोग करायचे नाहीत. इथे या खोलीत जे दिसेल आणि ऐकू येईल, तेवढंच.

वहीबद्दल काही म्हणाले नाहीत.

ग्लेन जेवताना – "चोर दिसतो का गं?" मी – "ग्लेन!" तो – "बरं बाई. बटाटे कसे झालेत, ते तरी बोलायला परवानगी आहे ना?"

मंगळवार, १२

रॉइसचा शर्ट कोरा आहे. पाकिटातल्या घड्या तशाच. कोणीतरी काल आणला आणि इस्त्री करायचं राहिलं. नजर सारखी तिकडे जाते. या कामाचा हा शापच आहे.

सरकारच्या बाजूने तज्ज्ञ आला. भिंगातून काढलेले मोठे फोटो. तुकडा कोटाशी "जुळू शकतो". रॉइसला काउंटीने वकील दिलाय – किडकिडीत, टायवर सूप सांडलेलं. तो हळूच उठला.

"जुळतो, की जुळू शकतो?"

"जुळू शकतो."

"या काउंटीत असे कोट किती असतील?"

"पुष्कळ. माझ्याकडेही आहे एक."

सगळे हसले. न्यायाधीशही. रॉइस हसला नाही.

बुधवार, १३

आज त्याची आई. व्हेल्मा हॅडलॉक. साठीची असेल. हात लाल, फुटलेले. म्हणाली – कोट ऑक्टोबरमध्येच फाटला, लाकडं रचताना. तुकडा कुठे पडला कोणास ठाऊक. "ठिगळ लावीन लावीन म्हणत राहिले. दर दुसऱ्या शनिवारी धुवायचे, आणि दर वेळी म्हणायचे, आज लावू. लावलं असतं तर आज इथे नसतो आम्ही."

सरकारी वकीलबाईने विचारलं – म्हणजे जानेवारीपर्यंत सहा वेळा धुतलात? कडाक्याच्या थंडीतही?

"हो. दोरीवर घालते. लाकडासारखा कडक होतो. आत आणून दाराशी ठेवला की उभाच राहतो, माणसासारखा. रॉइस त्याला म्हणतो, 'या साहेब, बसा.'"

मोठा हशा. रॉइस पहिल्यांदा हसला. मग हात तोंडावर धरला, जणू हसणंही गुन्ह्यात धरतील.

वकीलबाई हसली नाही. "की त्या रात्री फाटला, आणि पोलीस यायच्या आत तुम्ही एकदाच धुतलात?"

"नाही. माझा मुलगा आहे तो, पण शपथ घेतलीय मी."

दुपारी स्वच्छतागृहाबाहेर ती समोर आली. "आज जरा ऊब आहे, नाही?" एवढंच. मी मान खाली घातली आणि पुढे गेले. ज्युरीने बोलायचं नसतं. आपल्याकडे अनोळखी माणसाला साधं हो म्हणायचं टाळणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. दिवसभर ते लागून राहिलं.

गुरुवार, १४

दोन्ही वकिलांची शेवटची भाषणं. रॉइसने साक्ष दिली नाही. न्यायाधीशांनी बजावलं – त्यावरून काही धरून चालू नका. वाजवी शंका उरली, तर सोडा. उरली नाही, तर दोषी. बाराच्या बारा एकमताने. शिक्षा किती, ते आमचं काम नाही, आम्हाला सांगतही नाहीत.

मग दार बंद. लांब टेबल, पुठ्ठ्याचे कॉफीचे पेले, हॅमची सँडविचेस. प्रमुख म्हणून ड्वेनला निवडलं. विमा विकतो तो. पहिल्याच चिठ्ठ्यांत दहा दोषी, दोन निर्दोष.

दोनातली एक मी. दुसरे मिस्टर टटल, सत्तरीचे, आयुष्यभर टपाल वाटलं त्यांनी.

ड्वेन – "अर्लीन, कशावरून?"

मी – "मला तिचं खरं वाटलं."

"आई कोणाची खोटं बोलत नाही?"

शाळेत स्वयंपाक करणारी कॉनी म्हणाली, "माझी बोलायची. चर्चमध्येसुद्धा!" हसलो सगळे. मत मात्र कोणाचं हललं नाही.

शुक्रवार, १५

कोट टेबलावर मागवला. पुरावा हातात घेता येतो. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. दशा सुटल्यात, थोडी लव आहे. पण सहा धुण्यांची? एका धुण्याची? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू शिवणवाली. सांग ना!" – ड्वेन.

नाही सांगता आलं. मी चेन बदलते, कंबर सैल करते, हेम दुमडते. फाटकं, न शिवलेलं कापड सहा वेळा कोण धुतं? माझ्याकडे आलं की ते लगेच शिवलं जातं.

मिस्टर टटल माझ्या शेजारी बसतात. हळूच म्हणाले, "तू आहेस तोवर मी आहे. कापडातलं मला काही कळत नाही, पोरी."

पाच वाजता सोडलं. सोमवारी पुन्हा.

शनिवार, १६

आज फक्त कपडे धुतले.

रविवार, १७

वरचं वाक्य खरं आहे आणि खरं नाही.

काल ग्लेनचा जुना कोट घेतला, तसलाच, तपकिरी. ग्लेन धान्याच्या कोठारावर कामाला गेला होता. तळघरात कोटाच्या खालच्या कडेला हाताने दोन ठिकाणी फाडलं. पहिला भाग एकदा धुऊन, ड्रायरमध्ये वाळवून, घट्ट गुंडाळून पिशवीत शिवून टाकला, म्हणजे पुढच्या धुण्यांत त्याला काही लागू नये. दुसरा सहाही वेळा धुतला. सकाळपासून चार वाजेपर्यंत. मशीन, ड्रायर, मशीन, ड्रायर. मध्ये बसून कॉफी प्यायले.

मला खात्री होती की व्हेल्मा खरं बोलतेय. ती खात्री फक्त पक्की करायची होती मला.

सहा धुण्यांनंतर कड म्हणजे बोक्याची शेपटी. लव, गोळे, दशांचा पत्ता नाही. एका धुण्याची कड – दशा सुटलेल्या, थोडी लव. अगदी टेबलावरच्या कोटासारखी.

म्हणजे खोटं बोलली ती. फुटलेल्या हातांनी, शपथ घेऊन. आणि मी तिच्यासाठी दोन दिवस दहा माणसांशी भांडले!

ग्लेनने कोट पाहिला. "त्या गरिबाने काय केलं होतं तुझं?"

"जुना झाला होता."

"मीही झालोय जुना. जरा जपून हं!"

नियम मोडला, हे कळतंय. पण ज्या गोष्टीचं खरं कळलं, ते न कळल्यासारखं कसं करू?

सोमवार, १८

साडेनऊला ड्वेनने विचारलं, कोणाचं मत बदललंय का? मी हात वर केला.

"दोषी."

कॉनी – "अगं, काय झालं?"

"दोन दिवस विचार केला."

हा माझा लपवून घातलेला टाका.

मिस्टर टटल माझ्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. "तू म्हणतेस म्हणजे कापडात काहीतरी दिसलं असेल तुला. ठीक आहे. दोषी." दहा मिनिटांत बारा झाले.

कोर्टात ड्वेनने वाचलं. मग किडकिडीत वकील उठला – प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. तो हक्क आहे त्याचा. लेखनिक एकेकाला विचारत आली. "क्रमांक नऊ, हा तुमचा निर्णय आहे का?"

"हो."

आवाज स्वच्छ आला माझा. व्हेल्माने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग मांडीवरचा रुमाल घडी घालू लागली, मोडून पुन्हा घडी.

शिक्षा मेमध्ये सुनावणार. आम्हाला आभार मानून सोडलं. ऑर्विल, दारावरचा कोर्टाचा शिपाई, म्हणाला, "आता खुशाल बोला कोणाशीही. फक्त आता ऐकायला कोणी बांधलेलं नाही."

मंगळवार, १९

ग्लेनला सगळं सांगता येतं आता. कोटाचं सांगितलं नाही.

गुरुवार, २१

दुकानात एक बाई मुलीचा झगा घेऊन आली. अस्तर उसवलेलं. "मीच केलं," म्हणाली, "हेम सोडायला गेले." फुकट शिवून दिला. ती गोंधळली.

मनात सारखं घोळतंय – काय चुकलं माझं? खरं तेच तर शोधलं. दोषी होता, दोषी ठरला. पण प्रत्येक साक्षीदाराला समोरच्या बाजूने प्रश्न विचारले. तज्ज्ञाला त्या किडकिडीत वकिलाने, व्हेल्माला सरकारने. माझ्या धुण्याच्या मशीनला मात्र कोणीच काही विचारलं नाही. ते तेरावं होतं त्या खोलीत. आणि निकाल त्याच्याच शब्दावर लागला.

शनिवार, २३

आज धुण्याचा वार. ड्रायरशेजारची टोपली भरली म्हणून रिकामी करायला घेतली. जाळीवरची लव मी दर वेळी झाडून तिच्यातच टाकते. हात आपोआप चालतो, बघतही नाही.

टोपली तपकिरी लवेने भरलेली. ओंजळ, दोन ओंजळी. ग्लेनचा कोट.

ती लव धुण्याने निघत नाही. ड्रायरने निघते. गरम हवेत गरागरा फिरून. दोरीवर वाळलेली कड सहा धुण्यांनंतरही एका धुण्यासारखीच दिसू शकते.

दोरीवर घालते. लाकडासारखा कडक होतो. या साहेब, बसा.

आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा! आणि तळघरात उतरले तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की कपडे आणखी कुठे वाळत असतील.

ग्लेनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मागच्या अंगणात दोरी बांधून देऊ?" मी म्हटलं, नको. पुन्हा एकदा घरचा प्रयोग? नको.

ऑर्विलला घरी फोन केला. म्हणाला, बाई, निकाल लागला. ज्युरीतल्याने आत काय केलं ते नंतर सांगितलं तर न्यायाधीश सहसा कानावर घेत नाहीत, कुठलाच निकाल टिकायचा नाही मग. तरी लिहा. पत्र मी पोचवतो.

आठ वेळा लिहिलं, फाडलं. शेवटी एवढंच उरलं –

"न्यायाधीश स्ट्रँड यांस. मी क्रमांक नऊ. मी घरी प्रयोग केला आणि तो कोणाला सांगितला नाही. माझ्या मतावर मिस्टर टटल यांनी आपलं मत दिलं. मला जी शिक्षा असेल ती द्या. पण एक विनंती आहे. आपण नाही म्हणाल हे मला माहीत आहे. शिक्षा सुनावण्याआधी मला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवा आणि रॉइस हॅडलॉकच्या वकिलाला मला एकच प्रश्न विचारू द्या – बाई, तुम्ही कोट वाळवलात कुठे?"