ग्रॅनाइटचा पाटा

सानगडी, ४ फेब्रुवारी १९७९, रविवार
दिवाळीनंतर भंडाऱ्याचं कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे मीच सोडलं. जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला दोन दगडांची तुलना होती. मी दोन्ही अग्निजन्य लिहिले. सर म्हणाले, यातला एक वाळूचा, स्तरित आहे. मी ट्रे उलटवला. तत्त्वाचा प्रश्न होता.
आजपासून राग बंद.

६ फेब्रुवारी
आमच्या गल्लीतल्या गुलाबच्या घरचा पाटा फुटला. तिची आई सत्यभामाबाई बाजारातून काळा पाटा आणणार होत्या. मी म्हटलं, काकू, थांबा, हे माझं शास्त्र आहे. म्हणाल्या, "आन बापू, तू शिकलेला." गुलाब हसली. कौतुकानंच हसली, असं धरतो.

९ फेब्रुवारी
लाखनीला चांद्याकडच्या ट्रकवरून गुलाबी दाणेदार फरशी मिळवली. पाथरवटाकडून टाकी लावून तिचा पाटा करून घेतला. ग्रॅनाइट! अग्निजन्य खडक म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून थिजलेला. दाण्यात दाणा अडकलेला, जन्मभर वाटा, झिजणार नाही. स्तरित म्हणजे वाळू, गाळ, थरावर थर. कशीबशी धरून असते. स्वभावानं मी अग्निजन्यच.
कडेला पट्टे दिसतात. शोभेचे असावेत.

१२ फेब्रुवारी
पाटा पोचवला. गुलाबनं बोटानं घासून पाहिलं. म्हणे, "याची तं वाळू निघून राहिली." मी म्हटलं, नवा पाटा सुरुवातीला सोडतोच, तुले यातलं काय समजते? आवाज जरा चढला. राग नव्हे, शिकवण्याची पद्धत.

१५ फेब्रुवारी
बाबांपाशी गुलाबशी लग्नाचा विषय काढला. म्हणाले, "एवढा नाचून राहिला तं पाहून येऊ पोरगी." रविवार ठरला. आता फक्त नोकरी पाहायची.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
बाबा, मामा आणि मी गुलाबला पाहायला गेलो. सत्यभामाबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते. डाळ त्याच पाट्यावर वाटलेली. पहिल्याच घासाला बाबा थांबले. मामांनी तर हातावर काढून बोटानं चाचपलं. माझ्याही दाताखाली कचकच. वाळू. निव्वळ वाळू. ग्रॅनाइटमधून वाळू निघत नाही.
बाबा म्हणाले, "डाळ निवडत नाही काय हो तुमच्या घरी?"
सत्यभामाबाईंनी मान खाली घातली. "माझंच चुकलं जी. डोळ्याले दिसत नाही आता."
त्यांचे डोळे चांगले आहेत. दारातून गुलाब माझ्याकडे पाहत होती. मी बोलणारच होतो. तोंडात वडा होता.

१९ फेब्रुवारी
बाबा म्हणतात, असल्या घरची सून नको. उद्या सगळं खरं सांगणार. पक्कं.

२१ फेब्रुवारी
सांगितलं नाही. बाबांचं डोकं दुखत होतं.

२३ फेब्रुवारी
बाजारात गुलाब भेटली. मी म्हटलं, दगड ओळखायला चूक झाली. म्हणाली, "दगडाचं जाऊ दे. मायनं तुह्यासाठी आपल्या माथी घेतलं. एरवी येवढा भडकतोस, त्या दिवशी काहून गप होता?"
मी शेजारच्या गाड्यावर वांग्याचा भाव विचारला.

२५ फेब्रुवारी, रविवार
सत्यभामाबाई घरी आल्या. शेजारणीच्या पाट्यावर वाटून वडे करून आणले होते. "आता निवडून केले जी. आमच्या घराले नाव नका ठेवू." पाट्याबद्दल अवाक्षर नाही. मी आतल्या खोलीत होतो.
बाबांनी पोटभर खाल्ले. खूश होऊन म्हणाले, "चला, आमची हरकत नाही. करून टाकू लग्न."
सत्यभामाबाई म्हणाल्या, "पोरगीच नाही म्हणते जी."
काहून, ते बाबांनी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.
मीही बाहेर आलो नाही.