वळणावरचा जोगवा

भाद्रपद वद्य प्रतिपदा, शके १८६५. तुळजापूर.

पोहोचलो एकदाचा! सोलापुरातून निघताना आईनं असा काही डोळ्याला पदर लावला, की जणू मी मोगलाईत नोकरीला नव्हे, लढाईवरच चाललो आहे. महादेवी मात्र हसत होती. बसव्वा तिच्या कडेवरून माझी टोपी ओढत होती. निजामाच्या करोडगिरी जकातनाक्यावर शिपायानं माझी हत्यारांची पेटी पार तळापर्यंत उपसली. पाने आणि हातोड्यांखेरीज काही निघेना, तेव्हा बिचारा खट्टू झाला.

मालक आण्णासाहेब माणूस दिलदार. आल्या आल्या चहा, मग जेवण, मग कामाची गोष्ट. त्यांच्या चार मोटारी सोलापूर-तुळजापूर धावतात. मोटारी ज्या परदेशी कारखान्यातल्या, त्यानं आता सगळीकडं कळवलं आहे की एका खेपेतल्या गाड्यांचा एक दांडा कच्च्या लोखंडाचा निघाला. ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात ती ह्याच दांड्यामुळं. तो तुटला तर स्टिअरिंग नुसतं खुळखुळ्यासारखं फिरत राहतं. म्हणून सगळे दांडे काढून परत पाठवायचे, बदली नवे त्यांनी आधीच धाडले आहेत. ते करायला जाणता मेस्त्री हवा होता, आणि जाणता मेस्त्री म्हणजे आम्ही, गुरुलिंग महालिंगप्पा! स्वतःची टिमकी रोजनिशीत नाही वाजवायची तर कुठं?

मथुराबाईंच्या माडीवर खोली मिळाली आहे. खिडकीतून देवळाचं शिखर दिसतं. घट बसले की महादेवीला आणि लेकीला इकडंच आणायचं. पाच महिन्यांची पोर बापाला विसरायला किती वेळ लागतो?

भाद्रपद वद्य तृतीया.

तीन मोटारींचं काम झालं. चौथी, ड्रायव्हर ज्ञानोबामामांची, सोलापूरला मुक्कामी असते, ती नंतर.

काढलेला दांडा मी तसाच पेटीत टाकत नाही, घोडं कुठं पेंड खातंय ते बघून घेतो. दांडा रॉकेलात बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वर ओल्या खडूचा हात द्यायचा. लोखंडात तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर पाझरतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उठते. तिसऱ्या दांड्यावर केसाएवढी रेघ उठली, तशी कंडक्टर बिराप्पानं तोंडात बोट घातलं. मेस्त्री लोखंडाला कबूल करायला लावतात, असं तो सगळ्या बाजारात सांगत सुटला आहे. सांगो बापडा.

भाद्रपद वद्य षष्ठी.

आज ज्ञानोबामामांच्या मोटारीतून घाटात जाऊन आलो. मामांचा हात काय हलका! पेट्रोल मिळत नाही म्हणून मागं कोळशाची भट्टी लावलेली, तरी मोटार लोण्यातून सुरी जावी तशी चढते.

पण एक गंमत. घाटात मधल्या मोठ्या वळणावर मामांनी मोटार उभी केली. बिराप्पानं दार उघडलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. एखादी म्हातारी बाई सावकाश चढावी इतका वेळ दोघं थांबले, मग बिराप्पानं बाहेर खोबऱ्याचा तुकडा टाकला, सगळे उतारू उदो उदो म्हणाले आणि दार लागलं. मी हसून विचारलं, बाईचं तिकीट फाडलं का? कुणीच हसलं नाही.

मग मामांनी सांगितलं. गेल्या साली इथंच आण्णासाहेबांची पाचवी मोटार दरीत गेली. स्टिअरिंग फिरत राहिलं आणि चाकं वळलीच नाहीत. बरीच माणसं गेली. त्यात कडूबाई आराधीण होती, गळ्यात कवड्यांची माळ, हातात देवीची परडी, गावोगाव जोगवा मागणारी. तेव्हापासून ती वळणावर परडी पुढं करून उभी राहते म्हणतात. "सगळ्या ड्रायव्हरांना दिसती," मामा म्हणाले. "मागती तर द्यावं. आपलं काय जातंय?" सोलापूरला आई ह्या मोटारींना का भिते ते आज कळलं. मला अपघाताचं वाईट वाटलं, बाकीचं मी सोडून दिलं.

भाद्रपद वद्य अष्टमी.

आज देवी निद्रेला गेली. आता घट बसेपर्यंत मूर्ती पलंगावर. गावच हळू आवाजात बोलतंय.

ज्ञानोबामामांची मोटार दुरुस्तीला आली. खाली शिरलो आणि चकित झालो. दांडा दिसतच नव्हता! त्यावर बोटभर जाडीचा शेंदूर, दोरा, वाळलेली फुलं. गेल्या खंडेनवमीला हत्यारांबरोबर ह्याचीही पूजा झाली, आणि तेव्हापासून दर मंगळवारी वर शेंदूर चढतोय. खरवडायला पाना उचलला तसे मामा धावत आले. "आई निजलीया मेस्त्री, आत्ता न्हाय," असं दोन्ही हात जोडून म्हणाले. बापाच्या वयाचा माणूस. आण्णासाहेबही म्हणाले, घट बसू द्या, मग बघू.

मी दांडा हलवून पाहिला. घट्ट होता. बाकी दृष्टीआड सृष्टी. तिन्ही मोटारींच्या बॉनेटवर खडूनं 'पास' लिहिलं होतं, ही एकच कोरी दिसली तर उतारू बिचकतील, असं आण्णासाहेबांचं मत पडलं. हिच्यावरही लिहिलं.

भाद्रपद वद्य एकादशी.

दुपारी लिंगपूजा आटोपून भाकरीला बसणार, तोच दारात कवड्या वाजल्या. आराधीण उभी होती. कपाळभर मळवट, परडी पुढं केलेली. तोंडानं जोगवा म्हणत नव्हती, नुसती बघत होती, माझ्या चेहऱ्याकडं नव्हे, हातांकडं. मी ओंजळभर पीठ परडीत घातलं.

पीठ परडीत राहिलं नाही. आरपार उंबऱ्यावर पडलं.

मान वर केली तर दार रिकामं. मथुराबाई खाली जिन्यातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या अंगावरून कुणी वर गेलं नाही, कुणी उतरलं नाही. उन्हातून आल्यावर होतं असं कधी कधी, म्हणाल्या, आणि कांद्याचं पाणी दिलं. पीठ मीच झाडून काढलं. त्यात शेंदराचे कण होते.

भाद्रपद अमावास्या.

बोटांचा शेंदूर जात नाही. त्या दिवशी दांडा हलवताना लागला तेवढाच, आंगठा आणि दोन बोटं. रॉकेल झालं, राख झाली, लिंबू झालं.

काढून ठेवलेल्या दांड्यांपैकी चांगल्या निघालेल्या एकाला सहज पुन्हा खडू लावून बघितला. रेघ उठली. काळी नाही, लाल.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं.

आश्विन शुद्ध प्रतिपदा.

घट बसले. देवी उठली. सकाळीच आण्णासाहेबांना गाठलं, म्हटलं आता ज्ञानोबामामांचा दांडा काढतो. ते म्हणाले, अहो मेस्त्री, नवरात्र! सोलापूरहून माणसांचा लोंढा आहे, एक मोटार एक दिवस उभी ठेवणं जमायचं नाही. खंडेनवमीला सगळ्या मोटारी पूजेला थांबतात, त्या दिवशी सुखानं काढा. पूजा करून काढला म्हणजे ज्ञानोबाही रुसणार नाही.

बरोबरच आहे म्हणा. थोडेच दिवस राहिलेत.

आश्विन शुद्ध तृतीया.

पुन्हा घाटात गेलो, मुद्दाम. वळणावर मोटार थांबली. ह्या खेपेला मला ती दिसली. भर उन्हात. तीच, माझ्या दारातली. बिराप्पानं खोबरं टाकलं, ते परडीतून खाली धुळीत पडलं. तिथं कितीतरी खोबरं पडलेलं, नाणी पडलेली, निजामाची हाली आणि इंग्रजी कलदार दोन्ही. एकही तिनं घेतलेलं नाही. तिला हे नकोच आहे.

ती वाकली आणि मोटारीखाली बघू लागली. पुढच्या चाकांपाशी.

आश्विन शुद्ध पंचमी.

जेवण जात नाही. दारात कवड्या वाजतात. दार उघडत नाही. मथुराबाईंना ऐकू येत नाही.

तिला काय हवंय?

आश्विन शुद्ध सप्तमी. दुपार.

बिराप्पाला गाडीतळावर गाठलं, खांदे धरून विचारलं. आधी नाही नाही म्हणाला, मग रडायला लागला.

गेल्या साली दरीत प्रेतं काढायला तोच उतरला होता. कडूबाईची परडी तिच्या छातीशी तशीच धरलेली होती आणि परडीत त्या मोटारीचा तुटलेला दांडा होता, दोन तुकडे. त्यानं ते वर आणले. सगळ्यांचं म्हणणं पडलं, आईनं परडीत घालून परसाद दिलाय. त्याच महिन्यात ज्ञानोबामामांच्या मोटारीचा दांडा दगडावर आपटून वाकला. लढाईच्या दिवसांत नवा कुठला? लोहाराकडून ते दोन तुकडे भट्टीत जोडून घेतले आणि बसवले. "आईनं दिलेला, त्यो कसा दगा देईल म्हनलं मेस्त्री. म्हून तर शेंदूर लावला."

प्रसाद! अरे देवा! ती द्यायला उभी नाही, परत मागायला उभी आहे. कारखान्यानं दांडा परत मागवला, मी तो काढून दिला नाही. ती रोज हात पुढं करते, तिला खोबरं टाकतात. आणि शेंदराखाली तो जोड आहे, त्यावर मी 'पास' लिहिलंय. मी. माझ्या हातानं.

मामांची मोटार सकाळीच सोलापूरला गेली. उद्या येईल. आली की चाकाखाली आडवा पडेन, पण दांडा काढल्याशिवाय हलू देणार नाही.

सप्तमी. दिवेलागण.

आण्णासाहेब आले होते. खुशीत. माझा चेहरा उतरलेला बघून त्यांनी परस्पर सोलापूरला निरोप धाडला म्हणे. उद्या अष्टमीला महादेवी बसव्वाला घेऊन ज्ञानोबामामांच्याच मोटारीनं येते आहे. आई आधी सोडायला तयार नव्हती, पण ज्ञानोबामामांनी सांगितलं, तुमच्या गुरुलिंगानं स्वतः तपासलेली गाडी आहे. मग आईनं हो म्हटलं, असा उलट निरोप दुपारच्या मोटारीनं आला. पुढची जागा दिली आहे, ड्रायव्हरशेजारची.

मी काय बोललो आठवत नाही. दांडा, जोड, कडूबाई, सगळं एकदम सांगितलं असेन. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि वैद्याला बोलवा म्हणाले.

तिन्ही मोटारी बाहेर आहेत. सोलापूरला आज जायला काही नाही, तारघरही बंद झालंय.

अष्टमी. सकाळ.

उजाडताच निघालो. चालत. पाना आणि नवा दांडा पिशवीत. पायथ्याला गाठून उपयोग नाही, चढ धरलेली मोटार कुणासाठी थांबत नाही. ह्या वळणावर मात्र थांबतेच. ड्रायव्हर कुणीही असो, थांबतेच. म्हणून इथं बसलोय. जीव थाऱ्यावर राहावा म्हणून लिहितोय. मोटार थांबली की आधी महादेवीला खाली ओढायचं. मग बाकी.

खोबरं, नाणी. मुंग्या.

ऊन चढलं.

ती आली. पलीकडच्या कठड्यापाशी. मी हात जोडले. म्हटलं, आक्का, आज देतो. काढून तुमच्याच परडीत घालतो. थोडं थांबा. लेकरू आहे मोटारीत. ऐकलं का नाही— कळत नाही. माझ्याकडं बघत नाही. रस्त्याकडं बघते आहे.

भोंगा. खालून. ज्ञानोबामामांचाच—

दिसली. खालच्या वळणावर. बॉनेटवर माझं अक्षर. वेगात आहे, पण थांबेल, इथं थांबतेच. ती उभी आहे ना, थांबेलच—

तिनं परडी पुढं केली नाही.

रोज करते. आज परडी छातीशी धरलीय. दोन्ही हातांनी. जड असल्यासारखी— आत काहीतरी—

लाल. शेंदरी. दोन तुकडे.

मिळालं तिला. पण मोटार तर अजून— मामा स्टिअरिंग फिरवताहेत, सारखे फिरवताहेत— महादेवीनं मला बघितलं, बसव्वाचा हात धरून हलवते आहे, माझ्याकडं बघून हस—