चियाच्या रानाची गोधडी

११ जाने., रवि.
गोधड्या शिवणाऱ्या कौसाबाईकडे जुनी कापडं देऊन परत निघाले, तर बस गेलेली. मालेगावपर्यंत पायीच. कौसाबाई फाट्यापर्यंत सोबत. टेकाड चढलो आणि खाली जांभळं रान. हिरव्या गव्हाच्या मधोमध, पार नाल्यापर्यंत. तीस वर्षं ब्लाउजपीसचं दुकान सांभाळते, रंग जुळवणं हेच माझं काम. असा रंग कापडाच्या ठाणात पाहिला नाही. वारा आला, सगळं एकदम फिकं झालं, मग पुन्हा गडद.
"चिया फुलला हाय भाभी. यंदा लय जनाइनं पेरला. चाला ना, ऊन होऊन राह्यलं."
पाय निघेना.

१३ जाने.
ते रान गोधडीत उतरवायचं. दुकानातले कटपीस पालथे घातले. मी रंग मांडणार, टाके कौसाबाईचे. "अशी कोनी पांघरते काय?" म्हणाली. पण सुई ओवूनच बसली.

२९ जाने.
रान झालं. भिंतीवर टांगलं. कौसाबाई खूप वेळ बघत राहिली.

२ फेब्रु.
गिऱ्हाईक ब्लाउजपीस परत घेऊन आलं. मी वांगी रंगाचा म्हणून दिला होता, निघाला तपकिरी. माझ्या हातून असं कधी... वाशीमला डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी डावा करणार.

६ फेब्रु.
काल ऑपरेशन, आज पट्टी काढली. स्टीलच्या पेल्यात निळी झाक असते हे विसरूनच गेले होते. दवाखान्याची साधी चादर, तीसुद्धा बघत बसले.
घरी आले. गोधडी पाहिली. निम्मं रान तपकिरी आहे.

८ फेब्रु.
कौसाबाई आली.
"तुले तपकिरी दिसलं होतं?" मी विचारलं.
"दिसलं ना."
"मंग सांगितलं काहून नाही?"
"मले वाटलं, तुमाले तसंच पायजे. रान तुमीच पाह्यलं होतं."
"तू होती ना सोबत."
"मी तथी निंदायले जातो भाभी. पाह्यलं कवा?"


२० फेब्रु.
काळा चष्मा लावून दोघी पुन्हा टेकाडावर. चिया वाळलेला, बाया कापत होत्या. खरा रंग कोणता होता, विचारायला फूल उरलं नाही. पण नाल्याचं पाणी चमकत होतं, पलीकडच्या डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसत होतं. आज कौसाबाईही उभी राहिली. मीच म्हणाले चल, तर म्हणे, "थांबा जरासक."

२२ फेब्रु., रवि.
डावा डोळा झाकला, नुसत्या उजव्यानं गोधडी पाहिली. अख्खं रान जांभळं. त्या दिवशी होतं तसंच, नाल्यापर्यंत. उजवा झाकला की तपकिरी ठिगळं. चारदा करून पाहिलं.
उजव्याचं ऑपरेशन होळीनंतर. मग ते रान मला कुठूनच दिसणार नाही.
कौसाबाई कात्री घेऊन आली आहे. "उसवू काय तपकिरी?"
आधी चहा घे म्हटलं. ती ओट्यावर चहा पितेय. तिला आत बोलावते. म्हणते, एकदा माझ्याजवळ उभी राहून नीट बघ, मग ठरवू.