बेचाळीस अर्ज आणि माझा हा एक कागद

मी, निनाद बाळकृष्ण टेंबे, वय सव्वीस, काम लेखनिकाचे, राहणार कोटरा सुलतानाबाद, भोपाळ, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी प्रकृती ठीक आहे, बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असे आईने विचारले. कारण पुढे येईल. माझी दहावी पुरी झालेली नाही, पण अडलेले शब्द कोशात पाहून घेतले आहेत.

१. राहते घर आई, श्रीमती उषा टेंबे, हिच्याच नावावर आहे. ते देण्याचा मला अधिकार नाही. बँकेत असेल ती शिल्लक आणि माझी स्कूटर तिची. स्कूटरचा पुढचा ब्रेक नीट लागत नाही. विकताना घेणाऱ्याला हे आधी सांगावे.

२. बाबा कारखान्यात ट्रेसर होते, यंत्रांचे नकाशे गिरवून काढत. त्यांची ड्रॉइंगची पेटी शेजारच्या नरहर काकांना द्यायची होती. परंतु साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकिलाने सांगितले. काका म्हणाले, "पेटी राहू दे रे, मी सहीच करतो." म्हणून पेटी त्यांची नात योगिनी हिला. कंपासचा स्क्रू जास्त आवळू नये.

३. मावसभाऊ चिन्मय याला काहीही देऊ नये. ही नोकरी त्याने लावली. "खुर्चीत बसून लिहायचं फक्त. तुझ्या अक्षराचं सोनं होईल," असे तो म्हणाला होता. तिथे काय चालते हे त्याला ठाऊक होते. तेराव्याला आलाच तर जेवू घालावे, पण माझ्याबद्दल चार शब्द बोलू देऊ नयेत.

४. नोकरीविषयी. रायसेन रस्त्यावर एक शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. तिथे एका परदेशी कंपनीचे शर्ट शिवतात. कंपनी काम एम. पी. नगरातल्या निर्यातदाराला देते, तो आमच्या रमेशजींना देतो आणि रमेशजी ते मध्य प्रदेशातल्याच दिंडोरीकडून आणलेल्या बेचाळीस बायकांकडून करून घेतात. बायका शेडमागच्या हॉलमध्ये राहतात. हॉलचे कुलूप बाहेरून लागते. त्यांची आधार कार्डे माझ्या टेबलाच्या खणात असत.

पुरवठादाराने कोणाला डांबून ठेवू नये, कोणाची कागदपत्रे अडकवू नयेत, असा कंपनीचा नियम आहे. तसा फलक दाराशी लावला आहे. तो मीच लावला, पट्टी धरून, सरळ.

नियम पाळला जातो हे दाखवायला रमेशजींनी प्रत्येकीच्या नावे एक अर्ज तयार करवला. मी इथे राजीखुशीने राहते, कार्ड मीच सांभाळायला दिले आहे, मला सुटी नको. बेचाळीस अर्ज मी लिहिले. अंगठे मागाहून घेतले. गेल्या वर्षी कंपनीच्या ऑडिटला सुप्रिया मॅडम आल्या. अर्ज चाळून म्हणाल्या, "किती सुंदर अक्षर आहे!" सगळ्या अर्जांवर एकच अक्षर कसे, हे त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही. उलट मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो.

५. सुखवती मरावी हिच्याविषयी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली.

"बाबू, मेरा कार्ड दे दो. अम्मा बीमार है."

"सर से पूछो," मी म्हणालो.

"सर से पूछा. सर बोले, बाबू से पूछो." आणि ती हसली.

दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये नव्हती. रमेशजींनी सांगितले तसे मी रजिस्टरात लिहिले, राजीखुशीने गावी गेली. तिचे कार्ड खणात होते. तिच्या चपला दाराशी होत्या. तिच्या अम्माचा शेडमध्ये अजून फोन येतो. मुलगी कधी निघणार, असे ती विचारते.

६. या बुधवारी रमेशजी माझ्या टेबलाशी येऊन बसले. दोन चहा मागवले. सोमवारी मॅडम पुन्हा येणार आहेत.

"निनाद बाबू, आजकल बहुत सोचते हो," ते म्हणाले. "एक अर्जी अपनी भी लिख दो. नौकरी छोड़ रहा हूँ, अपनी मर्जी से गाँव जा रहा हूँ. तारीख मत डालना, वो मैं डाल लूँगा."

मी लिहून दिली. चहाही प्यायलो.

७. काल मी बेचाळीस कार्डे डब्याच्या पिशवीतून घरी आणली. ती माझी मालमत्ता नाहीत, म्हणून कोणाला देत नाही. ज्यांची त्यांना परत जावीत. सुखवतीचे कार्ड पोलिसांना दाखवावे आणि मग तिच्या अम्माला द्यावे. तोवर सगळी कार्डे नरहर काकांकडे आहेत. आज मी कामावर गेलो नाही. सकाळपासून रमेशजींचे चार फोन आले. बारानंतर एकही नाही.

सोमवारी सकाळी मी मॅडमना त्यांच्या हॉटेलवर भेटणार आहे. मी पोचलो नाही, तर काकांनी कार्डे आणि हा कागद त्यांच्या हातात द्यावा. मॅडमनी अर्जांचे अक्षर याच्याशी ताडून पाहावे. त्यासाठीच हा टाइप केलेला नाही. बायकांना शेडबाहेर नेऊन, रमेशजी नसताना विचारावे. आणि कंपनीने ऑर्डर काढून घेऊन हात झटकू नयेत. आधी कुलूप उघडावे, बायकांना घरी पोचवावे, मग काय ते करावे. नाहीतर शेड दुसरीकडे जाईल आणि बायकाही तिच्याबरोबर.

८. यापूर्वी माझ्या हातून लिहिले गेलेले बेचाळीस अर्ज, सुखवतीची नोंद आणि माझी स्वतःची अर्जी मी या लेखाने रद्द करतो. मी घरी आलो नाही आणि कोणी ती अर्जी आईला आणून दाखवली, तर अक्षर माझेच असेल, त्यावर तिने वाद घालू नये. एवढेच सांगावे की निनाद गावी गेलेला नाही. आमचे गावच नाही. आजोबांपासून आम्ही भोपाळचे.

ठिकाण: भोपाळ
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

निनाद बाळकृष्ण टेंबे

निनादने आमच्यासमोर सही केली. आम्ही त्याच्यासमोर व एकमेकांसमोर सही केली.

१. नरहर गणेश पोंक्षे, सेवानिवृत्त फोरमन
२. मंजूषा अरविंद किबे, शिक्षिका