तक्रार नाही

४ मार्च

भाचीला आज वॉर्डातून काढून रुग्णालयाच्या धुलाईघरात धाडले. सहा वर्षे परिचारिका असलेली मुलगी — आता चादरींच्या घड्या घालणार. एका रुग्णाचे नातलग म्हणाले, वस्तीतल्या बाईचा हात आमच्या माणसाला नको. कागदावर कारण मात्र 'प्रशासकीय सोय'. तिची आई, माझी धाकटी बहीण, म्हणाली, "दादा, तूच जा. त्यांच्यासारखं बोलणारा आपल्यात तू एकटाच."

७ मार्च

अधीक्षकांना भेटलो. आरंभी समदृष्टीविषयीचे वचन अर्थासह म्हटले. ते प्रसन्न झाले. "शास्त्रीबुवा, तुम्ही त्या लोकांतले वाटतच नाही." मी हसलो. हसलो, हे इथे नमूद करणे भाग आहे. मग चहा, शुद्ध उच्चारांवर चर्चा. भाचीचा विषय निघाला तो उठता उठता. निरोप घेताना, आमच्या घरच्या वळणाप्रमाणे, हात जोडून म्हणालो, "आमची कुणाविषयी तक्रार नाही. आपण योग्य तेच कराल."

११ मार्च

पत्र आले. 'आपल्या वडीलधाऱ्यांनी तक्रार नसल्याचे समक्ष सांगितले. बदली कायम. प्रकरण बंद.' भाचीने ते मोठ्याने वाचले.

"मामा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं गेला होतात?"

तिची आई तिच्यावर डाफरली. मी म्हणालो, बोलू दे.

१२ मार्च

पाठाला बसलो. ओठ हलले, मन नाही.

१५ मार्च

पुन्हा जाऊन खुलासा करतो, म्हटले. ती म्हणाली, "नको मामा. तुम्ही गोड बोललात की त्यांना वाटतं, झाला न्याय. माझं मी बोलेन. आवाज चढला तर चढू दे."

या मुलीला मीच शिकवले — त्यांच्यासमोर आवाज खाली, शब्द निवडून. विनय हे भूषण, असे ग्रंथ सांगतात. माझ्या विनयात विनय किती आणि भय किती, हे साठ वर्षांच्या वाचनात एकदाही तपासले नाही.

१८ मार्च

अधीक्षकांच्या खोलीबाहेर मी बाकावर. आतून तिचा आवाज — वस्तीतला, मोकळा. अधीक्षकांनी दार उघडले. "शास्त्रीबुवा, तुम्ही समजूतदार. आवरा हिला."

आत गेलो. तिच्या मागे उभा राहिलो. म्हणालो, "तिचं अजून बोलून झालेलं नाही."