भिंतीशेजारची गाडी

३ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र, त्यातलं वादळाचं वर्णन आणि पाकिटात शिरलेली वाळू, सगळं सुखरूप पोचलं. वाळू परत पाठवत नाही, बेटावर कमी पडली तर कळव.

सुट्टीत येऊन तू अप्पांच्या गाडीला जो चोरांचा भोंगा बसवून गेलास, त्याची तक्रार करायला लिहिते आहे. गल्लीतल्या गाड्यांची चाकं चोरीला जात होती म्हणून बसवलास, तेव्हा हेतूबद्दल शंका नाही. पण आता चोरांची गरजच उरलेली नाही. कुणी हात लावो न लावो, गाडी आपली आपणच बोंब ठोकते. परवा मी एकाच्या अक्कलदाढेशी सुई नेली आणि नेमकी तेव्हाच ती किंचाळली. पेशंटही किंचाळला. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत असल्याचे हे असे फायदे.

थट्टा इथेच पुरे करते, कारण ती दुपारी वाजते आणि दुपारी अप्पा झोपलेले असतात. हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना दचकू देऊ नका, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं आहे. त्यांची खोली मागच्या बाजूला, गाडीच्या अगदी डोक्यावर. भोंगा सुरू झाला की छातीवर हात ठेवून उठून बसतात, ओठ निळे पडतात, आणि रंग परत आला की पहिलं वाक्य म्हणतात, दिवट्याचं काम, दुसरं काय होणार. त्यांची ठेकेदारी सोडून तू दीपगृहाची नोकरी धरलीस त्या दिवसापासून तुझं तेच नाव पडलं आहे, हे तुला नव्यानं सांगायला नको.

गॅरेजवाला येऊन गेला. आत बसला, रेडिओ लावून पाहिला आणि गाडी छान ठेवली आहे म्हणाला. समोरच्या काकूंनी दृष्ट लागल्याचं निदान केलं. तुमच्या बेटावर फोन पोचत नाही, वायरलेस सरकारी कामाचा, म्हणून बोटीच्या भरवशावर विचारते. काय काढायचं ते लिही. मी दात काढते, वायरही काढीन.

माया आहे तितकी असू दे. पुढच्या बोटीनं उत्तर पाठवलंस तर तीत थोडी भर पडली असं मी समजेन.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझी तक्रार मिळाली. भोंगा मी स्वतः, दोन पूर्ण दिवस गाडीखाली आडवा पडून बसवला होता, आणि त्या दोन्ही दिवशी अप्पा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. तोंडानं काही बोलले नाहीत, पण तसं न बोलणं त्यांनाच जमतं. तेव्हा यात माझी अब्रू गुंतलेली आहे हे लक्षात ठेवून पुढचं कर.

आधी रिमोटचा सेल बदल. मग गाडीची बॅटरी तपासून घे, ती दमली की भोंगा वेड्यासारखा वागतो. त्यानंतर बॉनेट उघड. कडेला एक छोटं दाबाचं बटण आहे. ते गंजलं की गाडीला वाटतं बॉनेट कुणी तरी उघडलंय. काचपेपरनं घास. डॅशबोर्डच्या खाली धक्का ओळखणारी डबी आहे, तिचा स्क्रू थोडा उलटा फिरवलास की ती कमी हळवी होते. आपल्या घरात तसा स्क्रू आणखी काही जणांना असता तर बरं झालं असतं.

एका वेळी एकच गोष्ट कर आणि वाट बघ. सगळं एकदम केलंस तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. आणि ती घरीच वाजते की बाहेरही, तेवढं बघून कळव. अप्पांना नमस्कार सांग. त्यांनी तो घेतला नाही तर तूच ठेवून घे.

लोभ आहेच, वायरी काढताना तेवढी ती जोडणी सांभाळ.

तुझा,
धाकटा


२४ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. वि. वि. सेल बदलला. बॅटरी ठणठणीत. बटण इतकं घासलं की त्यात तोंड दिसतं. स्क्रू फिरवला. गाडी ओरडते ती ओरडतेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मोठं मजेशीर आहे. बाजारात, बँकेसमोर, डॉक्टरांच्या दारात तिला तासन्‌तास उभी केली. पाहुण्यांकडे गेलेल्या मुलीसारखी हूं की चूं नाही. घरी आणून जागेवर लावली की गळा काढते. जागा तीच, अप्पांनी बांधलेल्या मागच्या भिंतीला खेटून. दुसरीकडे लावायची सोय नाही, कारण ती जागा अप्पांनी ठरवलेली आहे.

घराची बाकी खबर. उताराच्या पायथ्याचा तो जुना बंगला पाडला. तिथे मोठी इमारत येते आहे आणि तिच्या पोटात गाड्या ठेवायला तळघर. खोदाईचं मशीन सकाळी सुरू होतं ते दिवे लागेपर्यंत आपल्या मागच्या भिंतीच्या थेट खाली माती ओरबाडत असतं. अप्पांना मात्र करमणूक झाली. खिडकीत बसून त्या लोकांना अक्कल नाही असं दिवसभर सांगत असतात. खाली ऐकू जात नाही, म्हणून दोन्हीकडे समाधान आहे.

त्यांच्या खोलीचं दार अडकायला लागलं, सुतारानं रंधा मारून दिला. माझ्या दवाखान्यातला हत्यारांचा ड्रॉवर मिटला तरी आपोआप बाहेर येतो. पेशंट बिचारे पांढरे पडतात, त्यांना वाटतं चिमटे स्वतःच उठून येताहेत. मी पुढे लाकडाची खुंटी लावली. घर म्हातारं होतंय, आपल्यासारखंच, फक्त त्याला केस रंगवता येत नाहीत.

काल अप्पांचा श्वास बराच वेळ बसेना. हे आता थांबायला हवं. पुढे काय काढू ते लवकर सांग.

तुझ्यावरचा जीव अजून आहे, पण तो या भोंग्यानं किती दिवस टिकू देईल सांगत नाही.

तुझी,
ताई


५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अप्पांचं वाचून जेवण गेलं नाही. आता हातचं राखून काही ठेवायचं नाही.

खाली मशीन आहे म्हणतेस, तर त्याच्या हादऱ्यानं धक्क्याची डबी पेटत असेल. तिचा प्लग काढूनच टाक. त्यानंतरही वाजली तर एकच गोष्ट उरते. चालकाच्या सीटखाली कल ओळखणारा सेन्सर आहे, पिवळ्या वायरीचा. कुलूप लावताना गाडी कशी उभी होती ते तो ध्यानात ठेवतो, आणि नंतर ती एका बाजूला जरा जरी कलली तर भोंगा वाजवतो. चाकं चोरणारे आधी जॅक लावून गाडी उचलतात ना, म्हणून मी मुद्दाम तो घेतला होता. आता त्या गाडीला जॅक कुणी लावत नाही, तेव्हा सेन्सरच खोटा निघाला म्हणायचा. स्वस्तातला होता. पिवळी वायर ओढून काढ, विषय संपला.

अप्पांना सांग, खोट माझ्याच कामात होती. या औषधाचा गुण त्यांना लगेच येईल.

तू पत्राला कंटाळशील, पण ताईपणाला कंटाळू नकोस इतकंच मागणं.

तुझा,
धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. वि. वि. डबीचा प्लग काढून फरक पडला नाही. पिवळी वायर काढली आणि गल्लीत अशी शांतता पसरली की समोरच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. दृष्ट त्यांनीच काढली असं त्यांचं म्हणणं आहे, मी हुज्जत घातली नाही.

अप्पा दुपारभर झोपतात. तुझा कबुलीजबाब वाचून दाखवला. तो त्यांनी दोनदा वाचायला लावला, चष्मा पुसला, आणि मला वाटतं तुझ्याविषयी बऱ्याच वर्षांनी बरं बोलले. म्हणाले, चूक मान्य करण्याइतपत शहाणा झाला म्हणायचा.

मला आपली धंद्यातली सवय. नुसती नस मारून सोडली की दात दुखायचा थांबतो, पेशंट आभार मानून जातो, आणि दात आतल्या आत आपलं काम चालू ठेवतो. वायर काढताना उगीच ते मनात आलं. असो.

दार पुन्हा अडकलं. सुतारानं या वेळी ते बिजागऱ्यांतून काढून भिंतीशी उभं करून ठेवलंय, म्हणाला चौकटच वाकडी दिसते, दाराला किती तासायचं. अप्पांनी त्याला हाकलला. त्यांनी स्वतः लावलेली चौकट वाकडी म्हणणारा माणूस या घरात दुसऱ्यांदा येत नसतो. माझ्या खुर्चीजवळच्या थुंकायच्या भांड्यात पाणी एका कडेलाच साठतं. मागच्या भिंतीला एक चीर गेली आहे. अप्पांनी खुर्ची बाहेर न्यायला लावून, गड्याला समोर उभं करून ती सिमेंटनं बुजवून घेतली. पुढच्या आठवड्यात सिमेंट एकीकडे आणि भिंत एकीकडे. ते म्हणाले, हल्लीचं सिमेंट.

एकूण सगळं शांत आहे. तुझं भलं होवो.

माया पूर्ववत, कानही पूर्ववत.

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे सगळं गृहीत धर. हे पत्र हातात पडेल त्या घटकेला अप्पांना घेऊन घराबाहेर पड. कपडे नकोत, हत्यारं नकोत, काही नको.

आज सकाळी मी दिव्याखालच्या चौथऱ्यावर पाणसळ ठेवून बघत होतो. ते आमचं नेहमीचं काम आहे, चौथरा जरा कलला तर उजेड भलतीकडे जातो. तुझं पत्र खिशात होतं. पाणसळीतला बुडबुडा बघता बघता मी ते काढून पुन्हा वाचलं. तो सेन्सर चांगला होता, ताई. गाडी कलत होती म्हणून तो वाजत होता. बाजारात कलत नव्हती म्हणून गप्प होता. गाडी उचलायला कुणी आलं नव्हतं, तिच्याखालची जमीनच जात होती. दार, ड्रॉवर, पाणी, चीर, सगळं तू लिहिलंस आणि मी हसत वाचलं. खालून माती काढताहेत, आणि वरची भिंत त्या खड्ड्याकडे निघाली आहे. अप्पांची खोली तिच्यावर आहे.

मला हे आधी का सुचलं नाही ते सांगतो. त्या घरात काही बिघडलं की ते मी केलेलं असतं, आणि अप्पांनी बांधलेलं कधी बिघडत नाही. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की वायरीवर शंका घेतली, भिंतीवर घेतली नाही. तूही घेतली नाहीस.

समुद्र खवळलाय, बोट कधी येईल ठाऊक नाही. सरकारी वायरलेसवरून जवळून जाणाऱ्या जहाजाला तुमचा पत्ता दिला आहे, बंदरातून अग्निशमनवाल्यांना कळवा म्हणून. साहेबांना न विचारता केलं, नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

बाहेर पड.

धाकटा


४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप आधी आला, पत्र आज आलं. निरोपासोबत अग्निशमनचे दोघं आले होते. त्यांनी चीर पाहिली, खाली वाकून खड्डा पाहिला, आणि एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी एक्स-रे बघताना माझ्या मदतनिसाकडे टाकते. खालचं मशीन त्यांनी बंद करवलं. खड्डा मात्र बंद करता येत नाही, तो आहे तिथे आहे. आम्हाला ताबडतोब निघा म्हणाले.

अप्पांनी त्यांना बसवून घेतलं. पायाभरणीत किती दगड घातलाय, ओळंबा कसा धरला होता, तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, असं सगळं झालं. शेवटी ते दोघं थकून म्हणाले, आम्हाला जबरदस्तीनं उचलून नेता येत नाही, वरून लेखी हुकूम आणावा लागेल. तो आणायला गेले आहेत.

मग मी पिवळी वायर परत जोडली. गाडी जागेवर लावली, कुलूप घातलं, आणि पायऱ्या चढून दारापर्यंतसुद्धा पोचले नव्हते तोच ती ओरडली. इतके दिवस ज्या आवाजाला शिव्या घातल्या, त्याच्यासमोर मी हात जोडून उभी राहिले. लगेच गाडी काढून वरच्या रस्त्यावर, काकूंच्या फाटकाशी नेऊन ठेवली. तिथे ती गप्प आहे.

चूक तिथेच झाली. गाडी गेली आणि घर शांत झालं. अप्पा म्हणाले, बघ, गेली की नाही कटकट, मी म्हणत होतो दोष गाडीत आहे. आता त्यांना काय दाखवू? ओरडणारं होतं ते मीच बाहेर नेऊन ठेवलं. हात धरून उठवायला गेले तर त्यांचा श्वास असा चढला की मीच त्यांना परत आडवं केलं. ओढून न्यावं तर ते छातीला सोसणार नाही, ठेवावं तर हे असं. दवाखाना बंद केला आहे. पेशंटांना काय कारण सांगायचं, दातापेक्षा मोठं काही हलतंय म्हणून?

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, शब्दन्‌शब्द. अंगवळणीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, ज्याला माझ्या भिंतीत खोट दिसते त्यानं इथे उभं राहून, माझ्या तोंडावर दाखवावी. त्यानं दाखवली तर उठेन, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं नाही. मी विचारलं, तो समुद्र ओलांडून येईपर्यंत भिंत थांबणार आहे का? तर म्हणाले, थांबेल. माझ्या शब्दाबाहेर गेलेलं या घरात एकच, आणि ते दिव्यावर जाऊन बसलंय.

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. फार गाढ झोप लागली आहे. मी शेजारी बसून लिहिते आहे. टेबलावरून पेन दोनदा घरंगळला, आता हातातच धरून ठेवला आहे. मध्येच कुठे तरी, पाठीमागे, बारीक खडे ओघळल्यासारखं वाजतं आणि थांबतं. पत्र काकूंच्या हाती पुढच्या खिडकीतून देते, त्या टाकतील.

मी बाहेर का पडत नाही, ते विचारू नकोस. तुझ्या जागी मी आणि माझ्या जागी तू असतास, तर तूही असाच बसला असतास.

लोभ आहे की नाही हे या खेपेला कागदावर नको. मिळेल त्या बोटीनं, मिळेल त्या कपड्यांनिशी ये.

तुझी,
ताई