बूट बाहेर काढावेत

४ नोव्हेंबर

निघताना ताईने ही वही हातात कोंबली. म्हणाली, मनातलं वहीत ओक, लोकांवर नको. माझा राग तिला ठाऊक आहे. कॉलेज सोडलं त्या दिवशी मी प्राचार्यांच्या टेबलावरचा पेपरवेट खिडकीबाहेर भिरकावला होता. तेव्हापासून घरात मला कुणी काचेच्या पेल्यातून पाणी देत नाही.

तर श्रीगणेशा चांगल्या बातमीने करतो. नोकरी लागली. लष्कराच्या कैदी छावणीत दुभाषी. छावणी म्हणजे गावाबाहेरचं बंद पडलेलं क्रीडासंकुल. मोठा हॉल, लाकडी जमीन, बॅडमिंटनची तीन कोर्टं, पांढऱ्या रेषा अजून शाबूत. त्या रेषांच्या आत सीमेपलीकडचे त्रेचाळीस कैदी बसतात. रेषा ओलांडायची नाही, एवढंच. दारावर जुनी पाटी तशीच आहे : ‘कृपया बूट बाहेर काढावेत.’ मी मिळालेले नवेकोरे लष्करी बूट घालून टकटक करत आत गेलो. एक माप मोठे आहेत, दोन मोजे चढवतो. पण ऐट विचारू नका.

माझी खोली हॉलला लागूनच, पूर्वी खेळाचं सामान ठेवायची. भिंतीला फाटक्या जाळ्या, कोपऱ्यात पिसं झडलेली शटलं. मला तर आवडली.

आता खरं कारण. ती. तिची भाषा मी कुठल्या शिकवणीत शिकलो नाही. दोन वर्षं वाचनालयाच्या जिन्यात तिच्या शेजारी बसून शिकलो. लढाई पेटली आणि तिच्या घरचे तिला घेऊन रातोरात सीमेपलीकडे गेले. पत्ता नाही, निरोप नाही. मग माझं कुठलं कॉलेज. इथे त्रेचाळीस माणसं आहेत, त्यातला एक तरी तिच्या गावचा निघेल. दोन आठवड्यांत कैद्यांचं टपाल सुरू होणार आहे, तेही माझ्या हातून जाणार. एवढ्यासाठी आलोय. साहेबांना मुलाखतीत देशासाठी वगैरे सांगितलं.

७ नोव्हेंबर

काम सोपं आहे. साहेब विचारतात, मी तिकडच्या भाषेत विचारतो, उत्तर इकडच्या भाषेत सांगतो. जवान मला पोपट म्हणतात. म्हणू देत. कैद्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. नावांची यादी साहेबांच्या कपाटात असते. अजून पहिलंच कोर्ट विचारून झालंय.

हवालदारांना निवृत्तीला आठ महिने उरलेत. कंबर धरलेली असते, खाली पडलेली किल्लीसुद्धा दुसऱ्याकडून उचलून घेतात. त्यांचा मुलगा याच लढाईत गेला. ते सांगत नाहीत, छावणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं.

दुपारी जवानांना कंटाळा येतो. काल त्यांनी कैद्यांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या आणि मोबाइलवर फोटो काढले. कैदी मोठमोठ्याने मोजत हसायला लागले. त्यांना तो व्यायाम वाटला. फोटो काढणाऱ्याचाच चेहरा पडला. मग सगळ्यांचे सदरे उतरवायला लावले, तर त्यांनी त्यांच्या घड्या घातल्या आणि बूड टेकायला खाली घेतल्या. हवालदार म्हणाले, या लोकांना लाज म्हणून नाहीच. मला माहीत होतं की आहे आणि कुठे आहे तेही माहीत होतं. बोललो नाही.

१२ नोव्हेंबर

आज बोललो.

पहिल्या कोर्टात एक म्हातारा आहे, भूगोल शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणतात. साहेबांनी त्याला तोफांची जागा विचारली. मी त्याच्या भाषेत विचारलं. मास्तर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, बाळा, कुठल्या मुलीने शिकवलं रे तुला? आमच्या पोरी नवऱ्याशी लाडात बोलतात तसा बोलतोस. असं लाडाने विचारल्यावर तोफासुद्धा लाजतील.

त्रेचाळीसही जण हसले. एका जवानाने मला खोदून खोदून अर्थ विचारला आणि तोही हसला. माझी कानशिलं तापली. त्या जिन्यातली दोन वर्षं कुणीतरी चव्हाट्यावर वाळत घातल्यासारखं झालं. त्यात हवालदार पाटीकडे बोट करून म्हणाले, निदान बूट तरी काढायला लावा यांना, लाकडाची वाट लागली. आणि मी बोलून गेलो, मेले तरी काढणार नाहीत.

साहेबांनी पेन खाली ठेवला. का, म्हणून विचारलं.

मी सांगितलं. त्यांच्यात चारचौघांत अनवाणी असतं ते फक्त मढं. आपल्या हाताने, आपल्या बिछान्याशी काढले तर हरकत नाही. पण दुसऱ्याच्या हाताने पायातले बूट निघाले की तो माणूस संपला. घरचे त्याच्याकडे बघत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत. एकदा जिन्यात मी थट्टेत तिचा एक बूट ओढून काढला होता, तेव्हा ती कागदासारखी पांढरी झाली होती. हे सगळं सांगितलं. सांगताना बरं वाटत होतं, तेही लिहून ठेवतो.

दुसरी अर्धी गोष्ट सांगितली नाही. यातून परत येता येतं. ज्याने काढले त्यानेच समोर गुडघे टेकून ते घालायचे, लेस बांधायची आणि त्या माणसाला मोठ्याने नावाने हाक मारायची. दुसऱ्या कुणी घालून चालत नाही. मी ते केलं होतं, येणारे-जाणारे बघत असताना. ती रडता रडता हसली होती.

साहेब म्हणाले, बूट काढणं म्हणजे काय मारहाण आहे? आपण रोज दाराबाहेर काढतो. कुठला नियम मोडतो ते दाखवा.

१३ नोव्हेंबर

सकाळी दहाला सुरुवात झाली. हवालदारांची कंबर. ते म्हणाले, तू सांगितलंस, तूच वाक.

दोन जवान पाय धरायचे, मी लेस सोडून ओढायचो. पहिला मास्तर. त्याने हात जोडले नाहीत. हळूच एवढंच म्हणाला की चूक माझी होती, बाकीच्यांना सोड. मी पुढच्याकडे सरकलो. पहिल्या दहांच्या वेळी लेस सोडायला वेळ लागत होता, नंतर नाही. वाकलेल्या माणसाला फक्त पाय दिसतात. तिसऱ्या कोर्टात एकाची लेस तुटलेली होती, तिला निळा दोरा जोडला होता, गाठ निघेना. दातांनी सोडवली.

बूट चार गोणपाटांत भरले, सगळे एकात एक. चिठ्ठ्या लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. गोण्या माझ्या खोलीत ठेवल्या.

मी सरळ उभा राहिलो तेव्हा हॉलमध्ये कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. एखादी शिवी आली असती तर चाललं असतं.

१५ नोव्हेंबर

ते बोलत नाहीत. साहेबांशी नाही, माझ्याशी नाही, आपसातही नाही. परवापर्यंत मास्तर शेजाऱ्याशी तासन् तास वाद घालायचा. आता दोघं खांद्याला खांदा लावून बसतात आणि मध्ये भिंत असल्यासारखे. ताटं भरलेली परत जातात. साहेब म्हणाले, नाटक आहे, पोटात कावळे ओरडले की संपेल.

सकाळी उठलो तर बूट गोण्यांबाहेर. भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगेत, सगळी टोकं माझ्या खाटेकडे. जवानांची थट्टा असणार. विचारलं तर त्यांनी आईची शपथ घेतली. मी परत भरले.

पायाची बोटं बधिर वाटतात. कंपाउंडरने अंगठ्याला टाचणी लावली. रक्त आलं, कळलं नाही. म्हणाला, थंडी.

१८ नोव्हेंबर

टपालाची पहिली पिशवी आली. वरून तिसरं पाकीट. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही.

तिचं अक्षर. नंबर एकोणतीससाठी. आत ‘दादा’ म्हणून सुरुवात आहे. आई बरी आहे, छप्पर दुरुस्त झालं. तुझ्या लेसला घाईत निळा दोरा जोडून दिला होता तो टिकला का. आणि पुढे : तिकडे आपली भाषा बोलणारा एक मुलगा भेटला तर त्याला माझं नाव सांग. डोक्याने गरम आहे, पण माझ्यासाठी त्याने भर जिन्यात गुडघे टेकले होते. तो तुझी काळजी घेईल.

निळा दोरा.

तिसऱ्या कोर्टात गेलो. पहिल्यांदा चेहरा पाहिला. तिचंच नाक. पत्र त्याच्या डोळ्यांसमोर धरलं, वाचून दाखवलं, तिचं नाव घेतलं. तो पत्रातून आरपार भिंतीकडे बघत होता. मेलेल्याला कोण पत्र लिहितं. ओठ फुटलेत. पाच दिवस पाणीसुद्धा नाही म्हणे, कंपाउंडर नळीने पाजतो ते बाकीच्यांच्या पोटात राहतं, हा ओकतो.

१९ नोव्हेंबर

साहेबांना उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. हवालदार उखडले. माझा पोरगा मातीत गेला, म्हणाले, आणि आम्ही यांचे पाय धरायचे? गुडघ्यावर बसून बूट चढवायचे? यापेक्षा गोळी घाला मला. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्यासाठी तेच मरण, हे मला दिसत होतं.

साहेबांनी नावांची यादी माझ्यापुढे सरकवली, म्हणाले, तुला धरायचेत तर धर. पण सगळ्यांसमोर, आणि फोटो फिरले तर माझ्याकडे रडत यायचं नाही. दारातल्या जवानाने आत्ताच मोबाइल पुसून ठेवला. फोटोचं नावही ठरलं असेल : पोपट कैद्याच्या पायाशी.

जिन्यात जमलं होतं. तिथे ती होती.

उद्या.

२० नोव्हेंबर

नाही गेलो. निळ्या दोऱ्याचा उजवा बूट सापडला. डावा नाही. चारही गोण्या तीनदा उपसल्या. डावा नाही, म्हणून नाही गेलो. असं लिहितोय.

घोट्यापर्यंत काही लागत नाही. पायांकडे बघूनच चालावं लागतं.

उद्या नक्की.

२१ नोव्हेंबर

डावा खाटेखाली होता. टोक माझ्याकडे.

दोन्ही बूट घेऊन हॉलमध्ये गेलो. मोबाइल निघाले, निघू देत म्हटलं. तिसरं कोर्ट. एकोणतीसची जागा रिकामी.

पहाटे गेला. मागच्या दाराने नेला. कंपाउंडर म्हणाला, पोटात काही नव्हतं, दुसरं काय.

मी बूट धरून उभा. तेवढ्यात मास्तरने मान वळवली. आठ दिवसांत पहिल्यांदा. चेहऱ्याकडे नाही — खाली बघितलं. मीही बघितलं.

माझे पाय उघडे होते. बूट नाहीत, दोन्ही मोजे नाहीत. कधीपासून — लाकूड गार लागायला हवं होतं —

खोलीत आलो. रांग परत लागली आहे. शेवटची जोडी माझी. मी दुहेरी गाठ मारतो. ती कुणीतरी सावकाश सोडवली आहे. लेसवर दातांच्या खुणा आहेत.

२२ नोव्हेंबर

आपल्या हाताने घालून बघितले. चार पावलांत पाय पुन्हा उघडे. बूट मागे उभे.

हजेरीत माझं नाव आलं नाही. जेवणाच्या रांगेत आचाऱ्याची पळी माझ्या ताटावरून मागच्याच्या ताटात गेली. हवालदार साहेबांना म्हणाले, नवा दुभाषी मागवायला हवा. मी मध्येच उभा होतो. खांदा धरून हलवलं तर त्यांनी फक्त कंबर चोळली.

ओरडलो. हॉलभर ओरडलो. त्रेचाळीसातले उरलेले बेचाळीस — ते मात्र माझ्याकडे बघत होते. सरकून जागा करून दिली. तिसऱ्या कोर्टात. एकोणतीसची.

२३ नोव्हेंबर

ती आली. पांढऱ्या निशाणाच्या गाडीतून, भावाला न्यायला.

साहेबांच्या खोलीत. खुर्चीच्या कडेवर. हातात रुमाल. इकडची भाषा तिला येतेच. साहेब म्हणाले, आमचा दुभाषी कुठे उलथलाय कोण जाणे. मी तिच्या समोर. हातभर अंतरावर. जिन्यात असायचो तेवढ्या.

तिने वर बघितलं. क्षणभर — मला बघितलं, नक्की बघितलं, ओठ हलले. मग नजर खाली गेली. माझ्या पायांवर.

परत वर आली नाही.

साहेबांनी विचारलं, कुणी ओळखीचं होतं का इथे. ती म्हणाली, होता एक.

निळ्या दोऱ्याची जोडी मी टेबलावर ठेवली. तिने उचलली, तिथेच पडलेली असावी तशी. मागच्या अंगणात पेटीपाशी गेली. गुडघे टेकले. तिने घालून चालत नाही, तिला माहीत आहे. तरी लेस बांधली.

माझे ज्याने काढले ते हात त्या पेटीत आहेत. झाकण लावताहेत. खिळ्याचा आवाज —

तिने नाव घेतलं असतं तर. मोठ्याने. एकदा. फाटकापर्यंत पोचली. वळत नाही.

ताई, तू तरी. वही तुझ्याकडे येईल. वाचलीस की मोठ्याने म्हण. अक्षर पुसतंय, बोटंही आता — घाईत लिहितो. माझं नाव